बाबांचं माप

माणसाच्या स्वभावाच्या तळाशी चार-दोन कायमचे गुण असतात आणि ते मोजता येतात, असं आमचं मानसशास्त्राचं पुस्तक सांगायचं. नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी चंद्रपूरच्या कॉलेजात बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते, आणि प्रॅक्टिकलसाठी एका माणसाची चाचणी घ्यायची होती. घुग्घुसला बाबांचं शिलाईचं दुकान होतं. मी बाबांनाच पकडलं, तिथेच माती खाल्ली.

पन्नास वाक्यं, प्रत्येकापुढे 'हो' किंवा 'नाही'. मी वाचत गेले, बाबा कापड बेतता बेतता सांगत गेले. 'मला लवकर राग येतो' याला 'नाही'. आदल्याच दिवशी काज वाकडं झालं म्हणून या माणसाने कारागिरासमोर कैची आपटली होती. 'मी कधीच खोटं बोललो नाही' याला बिनदिक्कत 'हो'. दिवाळीचे कपडे 'उद्या देतो' म्हणत दरवर्षी महिनाभर लोकांना फिरवायचे, त्याचं काय?

अशी काही वाक्यं थापा पकडायलाच पेरलेली असतात. बाबा त्यातल्या एकूण एकात सापडले. मॅडमनी वही परत केली. उद्या दुसऱ्या माणसाची चाचणी आण, नाहीतर परीक्षेला बसवणार नाही, म्हणाल्या. कोळशाच्या ट्रकांमागून धूळ खात बस घुग्घुसला पोचेस्तोवर माझं डोकं तापलं होतं.

दुकानात शिरताच वही बाबांपुढे आदळली. तुमच्यामुळे माझं वर्ष जाणार, असं बरंच बोलले. ते खाणीतल्या एका कामगाराच्या पँटचं माप घेत होते. कमरेला टेप लावून त्याला खाणीतल्या कामाच्या पाळीबद्दल विचारत राहिले. तो बोलण्यात रमला, पोट सैल सुटलं, तेव्हा आकडा लिहिला. तो गेल्यावर म्हणाले,

"कंबर किती, हे मी गिऱ्हाइकाले कधी विचारत नाई. टेप लावली का सगळेच श्वास ओढून पोट आत घेतेत. आन् तू तं मलेच विचारत बसली."

हे मॅडमना सांगू का, मी फणकाऱ्याने विचारलं. आता दुसरा माणूस कुठून आणू? तर म्हणाले, तुझंच भर आणि नाव दुसऱ्याचं टाक. आणि म्हणे, 'मी कधीच खोटं बोललो नाही'!

दुसरा इलाज नव्हता. रागारागात तिथेच भरायला बसले. 'मला लवकर राग येतो.' मी 'नाही'वर खूण केली, इतकी दाबून की कागद फाटला. शिलाई मशीन थांबलं. बाबा फाटलेल्या कागदाकडे बघत होते.

"श्वास सोड, बाई," ते म्हणाले.