शिवणीतली माया

टाचणीमावशींना हे नाव का पडलं, यावर गल्लीत दोन मतं होती. तोंडात टाचण्या धरून त्या शिवायला बसत, हे एक. त्या टाचण्या काढून मावशी बोलायला लागल्या, की दुसरं मत आपोआप पटे.

शाळेचे गणवेश शिवणं हा त्यांचा धंदा. आमच्याकडे मुलगी नापास झाली म्हणून शाळा सुटायची नाही, झगा आखूड झाला म्हणून सुटायची. "आता अंगाला होत नाही, राहू दे घरी," एवढं म्हटलं की संपलं. म्हणून मुलींच्या झग्याला मावशी आतून वीतभर माया, म्हणजे दुमडलेलं जादा कापड, सोडायच्या. पोर वाढली, की दुमड उसवून झगा लांब. खाली न विटलेल्या कापडाचा गडद पट्टा दिसे, तेवढाच. लोक म्हणत, मावशी पोतं शिवतात आणि आत पोरगी विसरतात.

एके दुपारी ढापणीची मामी आली. ढापणी म्हणजे आईमागे मामाकडे वाढणारी, जाड चष्म्याची पोर. चालताना वाचायची आणि खांबाला धडकून खांबालाच 'सॉरी' म्हणायची. मामीने झग्यासाठी चकचकीत कापड टाकलं आणि मापाला ढापणीचा गणवेश.

शाळेच्या दिवशी गणवेश इथे कसा, मावशींनी विचारलं. पोरीला बरं नाही, मामी म्हणाली. मग हळूच हसली. स्थळ आलंय, मुलगा जरा थोराड आहे. थोराड म्हणजे मामाच्या बरोबरीचा.

"माया किती सोडू?" मावशींनी सवयीने विचारलं.

"नका सोडू, ताई. एकदाच तर घालायचाय."

मावशींच्या ओठांतली टाचणी गळून पडली.

मामी गेल्यावर मावशींनी कात्री उचलली आणि जन्मात पहिल्यांदा माप चुकल्या. कापड असं कापलं, की त्यात बाहुलीचंही लग्न लागू नये. मग गणवेशाची उरलीसुरली सगळी माया उसवली, इस्त्री फिरवली आणि झगा मामाच्या घराच्या मागच्या खिडकीतून ढापणीच्या हातात दिला. शाळेत गेल्या गेल्या वर्गाच्या बाईंना सगळं सांग, म्हणाल्या. सकाळी मामी पाण्याला गेली, तशी पोर सटकली.

मामी दुकानात आली ती न ओरडता. तेच भीतीचं.

"कापड बिघडलं? बिघडू दे. मुलाकडचे दुसरं आणतील. माझं माप तेवढं द्या."

"माप शाळेत गेलंय, वहिनी."

"सुटेलच की शाळा." मामी स्टूल ओढून दारात बसली.

मावशींना सुईत दोरा ओववेना. घंटा झाली. पोरींचा लोंढा येऊन सरला. रस्ता मोकळा झाल्यावर लांबून तो गडद पट्टा दिसला. ढापणीच्या खांद्यावर हात ठेवून वर्गाच्या बाई चालत होत्या. मावशींनी दोरा ओवला.

मामी जागची हलली नाही. रस्त्यावरची नजर न काढता तिने विचारलं, "रोज येणार आहेत का त्या सोडायला?"