बर्फाचे टायर

ह्यांनी लग्नाचा सूट पहिल्या दुकानात दाखवलेला पहिलाच घेतला होता. चपला घ्यायला गेले तर एकाच पायात घालून बघत. दुसरा पाय पहिल्यासारखाच असणार, असं म्हणत. आमचा पलंग, फ्रिज, आणि माझा दाट संशय आहे की मीसुद्धा, सगळं ह्यांनी असंच उभ्याउभ्या पसंत केलेलं. आणि हाच माणूस त्या हिवाळ्यात चार टायर घेण्यासाठी दर शुक्रवारी मला आणि लेकीला गाडीत घालून अख्खं दम्माम पालथं घालत होता.

सौदीच्या शेजारच्या देशात परक्यांचं सैन्य घुसल्याला तोवर महिने लोटले होते. आम्ही दम्मामला राहायचो आणि हे रास तनुराला, रिफायनरीच्या देखभालीचं काम करणाऱ्या एका कंत्राटदाराकडे इंजिनिअर होते. लढाई पेटली तर सगळ्यात आधी काय उडवतील, हे सांगायला कुणी जाणकार लागत नव्हता. सुरुवातीला मी खूप घाबरले. मग घाबरायचाही कंटाळा आला. खिडक्यांच्या काचांना चिकटपट्ट्या लावून झाल्या, डाळी आणि दुधाची पावडर भरून झाली, विषारी वायू आला तर दाराखाली लावायचे टॉवेल बाजूला काढून झाले. लेकीच्या वर्गातली मुलं एकेक करून कमी होत गेली. रोज संध्याकाळी रेडिओवर तेच ऐकायचं, तेच शेजारणीला सांगायचं, तिनेही आपल्याला तेच सांगायचं. त्या दिवसांत मला झोप यायची ती शीण आल्यामुळे, आणि सकाळी उठले की शीण तिथेच असायचा.

भारतात जायचं तर पासपोर्ट कफीलच्या, म्हणजे ज्याच्या नावावर आमचा व्हिसा त्या सौदी मालकाच्या, कपाटात, आणि बाहेर पडायचा शिक्का तो कुणालाच देत नव्हता. मग ठरलं की जेद्द्याला जायचं. तिथवर क्षेपणास्त्रं पोचत नाहीत असं सगळे म्हणत. कुणी मोजून बघितलं होतं देव जाणे. दुसऱ्या इलाख्यात राहायला जायचं तरी कफीलचा कागद लागायचा. "तिघांचा मागा," मी ह्यांना बजावलं होतं. "जाऊ तर तिघं जाऊ, नाहीतर मी इथून हलायची नाही."

"विचारलंय," हे म्हणाले.

त्यानंतर मी जेव्हा जेव्हा विचारलं, तेव्हा उत्तर एकच. विचारलंय. बघू. आधी टायरचं बघू.

टायरचं बघायला हवं होतं, यात वाद नव्हता. आमची गाडी म्हणजे जुनी, पांढरी, छोटी जपानी डबी. तिच्या टायरना पार टक्कल पडलं होतं. गावातल्या गावात, कोरड्या सरळ रस्त्यावर ते चालून गेलं. पण जेद्दा म्हणजे आधी रियाध, मग आडवं वाळवंट, मग ताईफ, आणि ताईफवरून खाली उतरणारा घाट. हिवाळ्यात तिथे धुकं उतरतं, पाऊस पडतो. वर्षभराचं तेल आणि धूळ साचलेला रस्ता भिजला की साबणासारखा होतो.

पण हीच कल्पना अर्ध्या गावाला सुचली होती. जिथे जावं तिथे मोठ्या जीपचे टायर रचलेले, आणि आमच्या मापाचं नाव काढलं की दुकानदार हात झटकून म्हणायचा, खलास. मी आणि लेक मागच्या सीटवर बसलेल्या. मी बुरख्यात, ती पुस्तकात. एकदा एका पठाणाच्या दुकानात आमच्या मापाचे मिळाले. नवे कोरे, कागद लावलेले. मी मनात देवाचे आभार मानले. हे खाली बसले, टायर वाकवून बघितला, अंगठ्याचं नख रुतवलं आणि उठले.

"वाळलाय," मला म्हणाले. "दोन-तीन उन्हाळे बाहेर टांगलेला आहे. बारीक चिरा पडल्यात."

"अहो, नवा आहे ना पण?"

"दिसायला."

दुसऱ्या शुक्रवारी एकाने चकचकीत डिस्कसकट रुंद टायर दाखवले. फार देखणे होते, आमच्या डबीला नवरीचे दागिने घातल्यासारखे दिसले असते. दुकानदाराने एक चाक चढवूनसुद्धा दाखवलं. ह्यांनी स्टिअरिंग पूर्ण फिरवलं, वाकून बघितलं आणि मान हलवली. वळताना टायर आत मडगार्डला घासणार होता. दुकानदार म्हणाला, थोडासाच घासेल साहब. हे म्हणाले, घाटात थोडासा नको.

मला रडू फुटायचं बाकी होतं. त्या सैन्याला माघार घ्यायला दिलेली मुदत जवळ येत चालली होती, रोज कुणी ना कुणी सामान बांधून निघत होतं. आमच्या खालच्या मजल्यावरच्या बाईंनी तर मला त्यांची कढीपत्त्याची कुंडी आणून दिली, सांभाळा म्हणाल्या. आणि आम्ही टायरना नखं लावत फिरत होतो. "घ्या ना एकदाचे," मी ओरडले. "आयुष्यात कधी कशाची निवड केली नाहीत, ती आत्ताच करायची होती?"

एवढं ऐकूनही हे गप्प राहिले, तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवं होतं. पण शिणलेल्या माणसाला समोरचं दिसत नाही.

शेवटी टायर मिळाले ते भलत्याच ठिकाणी. ह्यांच्या कामावरचा, पण दुसऱ्या कंपनीचा एक इंजिनिअर, कुठल्याशा बर्फाच्या देशातला, बायकोमुलांमागोमाग आपणही परत निघाला होता. त्याच्या तिकडच्या घरी आमच्याच मॉडेलची गाडी होती. इकडे येताना पॅकर्सनी त्याच्या गॅरेजमध्ये दिसेल ते खोक्यांत भरलं, आणि त्यात बर्फात चालवायची चार चाकंही आली. डिस्कसकट. गाडी तिकडे, चाकं इकडे. तेव्हापासून ती एसीच्या खोलीत, पोत्यात गुंडाळून पडलेली. उन्हाचा किरण लागलेला नाही.

हे ती चाकं घेऊन आले, तेव्हा चेहरा बघण्यासारखा होता. लेकीने पोतं उघडून बघितलं. टायरवर खोल खोल खाचा, आणि त्या खाचांत पुन्हा बारीक नागमोडी चिरा.

"बट पप्पा," ती म्हणाली, "व्हेअर इज द स्नो?"

मला खूप दिवसांनी हसू आलं. सौदीच्या वाळवंटात बर्फाचे टायर! गावी सांगितलं असतं तर लोकांनी आम्हाला वेड्यात काढलं असतं. हे मात्र मन लावून समजावत होते. रबर मऊ आहे, थंडीत कडक होत नाही. वाळवंटात पहाटे केवढा गारठा असतो! भिजल्या रस्त्यावर या चिरा पाणी बाहेर फेकतात. उन्हाळ्यात झिजतील, पण उन्हाळा बघायचाय कुणाला?

जुने टायर मात्र ह्यांनी टाकू दिले नाहीत. चारही डिस्कवरून उतरवून, वर आणून गॅलरीत ठेवले. "राहू देत, उपयोगी पडतील." या वाक्यावर आमच्या माहेरी आणि सासरी मिळून किती अडगळ साठलेली आहे! मीही नेहमीसारखीच बडबडले आणि नेहमीसारखीच हरले.

दुसऱ्या दिवशी ह्यांनी मला खाली पार्किंगमध्ये बोलावलं. जॅक आणि पाना काढून ठेवलेला.

"चाक बदलायला शीक."

"मी?" ज्या देशात मला स्टिअरिंगला हात लावायची परवानगी नाही, तिथे मी चाक बदलायचं! "तुम्ही असताना मी कशाला?"

"शीक गं. आधी नट सैल करायचे, गाडी जमिनीवर असतानाच. मग जॅक. हाताने नाही निघाला तर पान्यावर पाय देऊन उभी राहा."

मी बुरखा सावरत पान्यावर उभी राहिले. नट कुरकुरला आणि फिरला. मला आनंद झाला, खोटं कशाला सांगू. मी हसत वर बघितलं, तर हे माझ्याकडे बघत नव्हतेच. गाडीत बघत होते. मीही बघितलं. ड्रायव्हरची सीट मागे सरकवलेली होती. हे बुटके; ह्यांची सीट कायम स्टिअरिंगला चिकटलेली असायची. इतक्या मागे बसून ह्यांचा पाय ब्रेकला पोचला नसता.

"ही सीट कुणी मागे घेतली?"

"चाचांनी. सकाळी त्यांना चक्कर मारायला दिली. टायरचा अंदाज यावा म्हणून."

चाचा म्हणजे रत्नागिरीकडचे एक उंच, शांत गृहस्थ. सूकमध्ये, म्हणजे बाजारात, त्यांचं कापडाचं छोटं दुकान होतं, मी पडद्याचं कापड त्यांच्याकडून घ्यायचे. जेद्द्याच्या जुन्या बाजारपेठेत, बलदमध्ये, त्यांच्या भावाचं दुकान होतं आणि चाचीला घेऊन तिकडे जायला ते कधीचे निघाले होते, पण त्यांच्याकडे गाडी नव्हती.

पाना माझ्या हातात तसाच राहिला. "तुम्ही येत नाही आहात," मी म्हणाले.

"कफीलने तुमचा कागद दिलाय. माझा नाही देणार. प्लांट बंद ठेवता येत नाही, माणसं लागतात."

"केव्हा कळलं?"

"पहिल्या दुकानात गेलो, त्याच्या आधी."

मी पाना जमिनीवर आपटला. काय काय बोलले ते आता सगळं आठवत नाही, पण शेजारच्या इमारतीतल्या खिडक्या उघडल्या होत्या एवढं आठवतं. मी जाणार नाही म्हणाले. तिघं म्हणजे तिघं. हे ऐकून घेत राहिले आणि सगळं संपल्यावर खाली वाकून पाना उचलला.

"तुम्ही दोघी इथे राहिलात तर मला दोन ठिकाणी घाबरावं लागेल," हे म्हणाले. "तिथे प्लांटवर, आणि इथे घरी. एका ठिकाणचं मला जमेल गं. दोन नाही जमणार."

मी खाली बसले आणि सैल केलेला नट पुन्हा घट्ट केला.

निघालो ती पहाट फार गार होती. मी ह्यांच्या हातावर दही ठेवायला गेले, तर हे म्हणाले, जाणारी तू आहेस, आणि माझ्याच हातावर साखर घातलेलं दही ठेवलं. मग खिशातून चार लिंबं काढली. बकाल्यातून, म्हणजे कोपऱ्यावरच्या वाण्याकडून आणलेली, पिवळीधमक. माझ्या सासूबाई प्रत्येक नव्या वाहनाखाली लिंबू ठेवायच्या, तेव्हा हेच त्यांची टर उडवायचे. आता हे गाडीभोवती फिरून एकेका चाकापुढे लिंबू ठेवत होते, आणि एक गडगडत गेलं तर गुडघ्यावर बसून पुन्हा नीट लावलं.

चाचा शांतपणे थांबून राहिले होते. "साहेब, आमचा बिस्मिल्ला झाला," ते म्हणाले. "तुमचा लिंबू होव द्या. घाई नाय."

मागे मी, चाची आणि मध्ये लेक. लिंबं फुटल्याचा आवाज आला. मी मागच्या काचेतून बघत राहिले, पण वळण लगेच आलं.

त्या टायरना कोरड्या रस्त्यावर आवाज फार होता. रियाधपर्यंत, रियाधच्या पुढे, सबंध वाळवंटभर गाडीखाली एकसारखी घूं घूं. चाची तसबीचे मणी ओढत होती, लेक झोपली होती, आणि मी तो आवाज ऐकत होते. ताईफच्या घाटात खरोखरच पाऊस लागला. आमच्यापुढची एक मोठी गाडी वळणावर फिरून आडवी झाली आणि कठड्याला जाऊन टेकली. चाचांनी ब्रेक दाबला. आमची डबी थांबली. नुसती थांबली, जशी घराच्या दारात थांबते.

"वैनी," चाचा मागे न बघता म्हणाले, "साहेबान टायर चांगले बघून घेतलेनी."

बलदमध्ये चाचांच्या भावाच्या दुकानावरच्या खोलीत आम्ही लढाईचे दिवस काढले. फोन लागायचा कधी, नाही कधी. पहिल्यांदा लागला तेव्हा ह्यांनी विचारलं, टायर आवाज करतात का? मी म्हटलं, करतात, तुम्ही कसे आहात? तेवढ्यात त्यांच्या मागे भोंगा सुरू झाला. ठेवतो म्हणाले आणि ठेवला. पुन्हा लाइन लागेपर्यंत मी काय केलं ते विचारू नका. काहीच केलं नाही. चाचीने ताट पुढे ठेवलं की जेवत होते.

लढाई थांबल्यावर चाचांनीच आम्हाला परत आणलं. दम्मामच्या अलीकडे आकाश भरदुपारी मळकट झालं होतं, शेजारच्या देशात तेलाच्या विहिरी जळत होत्या. हे खालीच उभे होते. वाळले होते, आणि दाढी पांढरी झाली होती. लेकीने उडी मारून मिठी घातली. मी नुसती बघत राहिले, कारण बोलले असते तर भांडलेच असते.

वर आलो. घर झाडलेलं होतं, कढीपत्ता जगला होता. पॅसेजमध्ये मात्र वाट अडलेली. खिडकीच्या बाजूला आमचे ते चार जुने टायर एकावर एक रचलेले होते, आणि पोकळीत काठापर्यंत वाळू भरलेली. त्यांच्या आडोशाला, भिंतीलगत, एक सतरंजी, एक उशी, पाण्याचा तांब्या. वरच्या टायरवर ह्यांचा चष्मा ठेवलेला. मी हात लावून बघितला. गुळगुळीत, टक्कल तसंच.

"पप्पा, यू स्लेप्ट हिअर?" लेकीने विचारलं.

"अगं, मग काय करणार?" हे म्हणाले. "चांगले तुम्ही घेऊन गेला होतात ना."

मी तिथेच सतरंजीवर बसून रडायला लागले. ह्यांना रडणारी माणसं झेपत नाहीत. ह्यांनी टायरवरचा चष्मा उचलला आणि नवे किती झिजले ते बघायला खाली गाडीकडे निघून गेले.