शब्द टाकणारी माणसं

सांगलीच्या कॉलेजात गेलो तेव्हा घरी एक बाप असताना मला वर आणखी तीन पालक मिळाले. एक वकील, एक निवृत्त मामलेदार आणि एक मिरजेचे डॉक्टर. ज्यांच्या घरातून आजवर कुणी कॉलेजची पायरी चढलं नाही, अशा खेड्यातल्या पोरांना आधार द्यायचा, असं या तिघांनी आपसांत ठरवलं होतं. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं आणि त्याबद्दल एक पैही मिळत नव्हती, हे ते स्वतःच वरचेवर सांगत. आम्ही सगळं निरपेक्ष बुद्धीनं करतो, असं म्हणताना वकीलसाहेबांचा हात छातीवर जाई आणि कोण कोण ऐकतंय ते बघायला नजर दारापर्यंत जाऊन येई.

दुसरं महायुद्ध चालू होतं. आमचा वाळवा तालुका तेव्हा सातारा जिल्ह्यात होता आणि गावातल्या प्रत्येक तिसऱ्या घरातला माणूस पलटणीत होता. माझे वडील, आबा, पलटणीत नाईक होऊन पेन्शनीवर घरी आले होते आणि ऊस करत होते. मी मॅट्रिक झालो तेव्हा त्यांनी मला अंगणात उभं करून सांगितलं, "एक वरीस देतो. पास झालास तर फुडं शीक. न्हाई झालास तर सरळ पलटनीत. भरतीचा सुभेदार आपल्या वळकीचा हाय." मला डॉक्टर व्हायचं होतं. रायफल साफ करत जन्म काढायचा नव्हता. पण आबांचा शब्द म्हणजे शब्द. त्यामुळे ते एक वर्ष म्हणजे माझं सगळं काही होतं.

निघताना आबा आणखी एक म्हणाले, "थितं थोर मान्सं हाईत. आपल्याला त्यातलं काय कळत न्हाई. त्यास्नी इचारल्याबिगर पाऊल टाकू नगंस." कोळशाच्या गॅसवर चालणारी मोटार खोकत खोकत सांगलीला पोचेपर्यंत मी ते वाक्य पाठ करत होतो.

दर रविवारी सकाळी वकीलसाहेबांच्या दिवाणखान्यात आम्हा पोरांना हजर राहावं लागे. ते तिघे खुर्च्यांवर, आम्ही खाली सतरंजीवर. डॉक्टर सांगत, रोज शेरभर दूध पीत जा. बोर्डिंगच्या खाणावळीत ताक मागितलं तरी आचारी वर बघायचा, दुधाचं नाव कोण काढतो! मामलेदार म्हणत, इंग्रजी सुधारायचं तर मोठ्यानं वाच. मग मला इंग्रजी पेपरातला अग्रलेख वाचायला लावत आणि दुसऱ्या परिच्छेदाला घोरू लागत. वाचन थांबलं की डोळे न उघडता म्हणत, "उच्चार सुधारतायत हं." वकीलसाहेब आमची भाषा सुधारत. मी "हाय" म्हणालो की "आहे" असं तीनदा म्हणवून घेत. उंटावरून शेळ्या हाकणारी माणसं मी पुढे पुष्कळ पाहिली, पण यांना शेळ्या कुठल्या आणि बोकड कुठला हेसुद्धा माहीत नव्हतं.

तरी इथवर ते नुसते निरुपद्रवी होते. उपद्रव सुरू झाला तो आम्हाला मिरवण्याचा.

कुठे वाचनालयाचं उद्घाटन असलं, कुठे बक्षीस समारंभ असला, की या तिघांपैकी एकाला भाषणाचं बोलावणं येई. भाषणात दाखवायला एक पोरगा लागे. मी उंच होतो, काळा होतो, डोक्याला फेटा बांधला की अगदी मातीतून उपटून आणल्यासारखा दिसत होतो. त्यामुळे बहुतेक वेळा मीच. वकीलसाहेब मला व्यासपीठावर उभं करून म्हणत, "हा बघा खेड्यातला हिरा. याच्या सात पिढ्यांत अक्षराला कुणी शिवलेलं नाही." टाळ्या पडत. आबा पलटणीत रोमन उर्दू शिकले होते. मला घरचं पत्र येई ते त्यांच्या हातचं, रोमन लिपीतल्या मराठीतलं. हे मी वकीलसाहेबांना एकदा सांगितलं. ते म्हणाले, "ते असू दे. भाषणात बसत नाही."

अशा रीतीनं मी कराडला गेलो, इस्लामपूरला गेलो. साताऱ्याला एका परिषदेसाठी तर कॉलेज चालू असताना आठवडा घालवला. तिथे व्यासपीठावर उभं राहण्याचं काम अर्ध्या तासाचं, बाकीचा वेळ सतरंज्या घालणं आणि मामलेदारांच्या अंघोळीला पाणी तापवणं. परत आलो की वर्गातली पोरं पुढे गेलेली असत. रसायनशास्त्राचे प्रयोग तर गेले ते गेलेच, कारण ते गुरुवारी दुपारी असत आणि समारंभाला गुरुवार शुभ असतो, असं मामलेदारांचं ठाम मत होतं.

दुसऱ्या टर्मच्या मध्यावर रसायनाच्या प्रोफेसरांनी मला थांबवलं. म्हणाले, "तुझी हजेरी फार कमी पडतेय. अशानं टर्म मिळणार नाही आणि टर्म मिळाली नाही तर परीक्षेला बसता येत नाही. लगेच प्रिन्सिपॉलना भेट, अर्ज दे. राहिलेले प्रयोग रविवारी करून घेऊ." मी तसाच प्रिन्सिपॉलच्या खोलीकडे निघालो होतो. पण आबांचं वाक्य पाठ होतं. त्याच रविवारी मी तिघांना विचारलं.

वकीलसाहेब हसले. "वेडा आहेस. तू गेलास तर तो अर्ज होतो. आम्ही गेलो तर तो शब्द असतो. अर्जाला नियम लागतात, शब्दाला लागत नाहीत. तू मध्ये पडू नकोस. मी शब्द टाकतो." मामलेदार म्हणाले, "छे, छे, प्रिन्सिपॉल माझ्या रोजच्या फिरण्यातले. मीच टाकतो शब्द." डॉक्टर म्हणाले, "त्यांच्या सासूबाईंना मीच औषध देतो. मी बोलतो." मग कुणी शब्द टाकायचा यावर तिघांत अर्धा तास प्रेमळ भांडण झालं. प्रत्येकाला आपली ओळख जास्त जवळची वाटत होती. आणि मी मूर्खासारखा खाली बसून मनातल्या मनात सुटकेचा श्वास घेत होतो. एकाचा शब्द पुरला असता, इथे तीन पडणार होते! रविवारचे प्रयोग करायला मी गेलो नाही, कारण रविवारी सकाळी सतरंजीवर हजर राहायचं होतं.

फेब्रुवारी सरताना कॉलेजच्या फळ्यावर टर्म नाकारलेल्यांची नावं लागली. माझं वरून दुसरं होतं.

मी तसाच वकीलसाहेबांकडे गेलो. ते म्हणाले, "अरे! मला वाटलं मामलेदार बोलले." मामलेदार म्हणाले, "डॉक्टर बोलणार होते ना? प्रिन्सिपॉलच्या सासूबाई..." मिरजेपर्यंत पायपीट करून डॉक्टरांना गाठलं, तर ते नाडी बघितल्यासारखं माझं मनगट धरून म्हणाले, "कायद्याचं काम, म्हणून मी ते वकिलांवर सोडलं. असो. अपयश माणसाला घडवतं." अपयश यांचं आणि घडायचं मी! बोलाचाच भात आणि बोलाचीच कढी म्हणतात, पण तो भात खाऊन वर ढेकर देणारी माणसं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली. त्यांना वाईटसुद्धा वाटलं नाही. वाईट वाटायला आधी काहीतरी करायला सुरुवात तरी केलेली असावी लागते.

प्रिन्सिपॉलना शेवटी माझा मीच भेटलो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मला तुझ्याबद्दल कुणी काही बोललेलं नाही. आणि बोललं असतं तरी मी ऐकलं नसतं. तू अर्ज घेऊन महिन्यापूर्वी आला असतास तर मात्र ऐकलं असतं. आता माझ्या हातात काही नाही."

आबांना कळवायचं धैर्य मला झालं नाही. पण पुढच्याच रविवारी ते आपणहून सांगलीत उतरले. गुऱ्हाळ नुकतं संपलं होतं. पोराची परीक्षा जवळ आली, ज्यांनी त्याला सांभाळलं त्यांचे उपकार मानायला हवेत, म्हणून त्यांनी मुद्दाम लहान ढेपा पाडून घेतल्या होत्या. तिघांना तीन. साखर रेशनवर होती, असल्या पिवळ्याधमक गुळाला शहरात तेव्हा सोन्याचा मान होता. पोतं डोक्यावर घेऊन ते बोर्डिंगच्या दारात उभे राहिले आणि म्हणाले, "चल, तुज्या सायबांचं घर दाव." वाटेत सांगावं म्हणून मी दोनदा तोंड उघडलं. पण त्यांचा चेहरा इतका आनंदी होता की शब्द फुटला नाही.

दिवाणखान्यात तिघेही होते. आबांनी वहाणा पायरीखाली काढल्या, फेटा नीट केला, प्रत्येकापुढे एकेक ढेप ठेवली आणि सतरंजीवर बसले. मामलेदारांनी नखानं गूळ खरवडून जिभेवर ठेवला आणि म्हणाले, "चव छान आहे. रंग किंचित उजळ हवा होता." आबा म्हणाले, "आवं सायेब, तुमी लय केलंत. पोरगं कसं हाय आमचं?"

तिघांनी एकमेकांकडे बघितलं. मला वाटलं, आता तरी. बापाच्या तोंडावर तरी खरं बोलतील.

वकीलसाहेबांनी घसा साफ केला. "मुलगा हुशार आहे हो. पण कॉलेजात लक्ष नाही. वर्गात जातच नाही. आम्ही किती सांगितलं! हजेरी नाही म्हणून परीक्षेला बसू देत नाहीत त्याला." डॉक्टरांनी खेदानं मान हलवली. मामलेदार अजून जिभेवरचा गूळ चोखत होते.

आबांचा चेहरा उतरला. त्यांनी माझ्याकडे बघितलंच नाही. त्या तिघांना हात जोडून म्हणाले, "तुमी तुमचं केलंत. त्येच्या नशिबात न्हाई." मग मला म्हणाले, "ऊठ. मापी माग. पाया पड सायबांच्या."

मी उठलो आणि तसाच उभा राहिलो. पाया पडलो नाही. थोरामोठ्यांच्या पाया पडायला नकार देणं आमच्या घरात कुणी ऐकलेलं नव्हतं. "बघा," वकीलसाहेब आबांना म्हणाले, "हेच आम्ही म्हणत होतो."

रिकामं पोतं काखेत मारून आबा बाहेर पडले. मोटारस्टँडच्या वाटेवर एका लिंबाखाली थांबले आणि विचारलं, "का पडला न्हाईस?" मग मी सगळं सांगितलं. सातारा, कराड, सतरंज्या, अंघोळीचं पाणी, प्रोफेसर, तिघांचे तीन शब्द, प्रिन्सिपॉल काय म्हणाले ते. सांगताना रडलो, रागानं रडलो. आबांनी मध्ये एकच विचारलं, "त्ये स्वता म्हनालं, तू जाऊ नगंस म्हून?" मी व्हय म्हणालो.

ते वळले. पलटणीत चालत असतील तसे चालत परत गेले, मी मागून धावत. दिवाणखान्यात चहा आला होता. या वेळी आबांनी वहाणा काढल्या नाहीत. थेट आत गेले आणि पोतं पसरून तिन्ही ढेपा एकेक करून आत टाकू लागले.

"अहो, अहो," मामलेदार कप हातात धरून उठले, "दिलेली वस्तू परत घेतात का कुणी?"

"दिल्याली न्हवती सायेब," आबा म्हणाले. "केल्याबद्दल आनली व्हती. तुमी कायबी केलं न्हाई."

वकीलसाहेबांचा हात सवयीनं छातीवर गेला आणि नजर दारापर्यंत जाऊन आली. दारात फक्त मी होतो.

बाहेर आलो तेव्हा पोतं मी मागितलं, पण त्यांनी माझ्याकडे दिलं नाही. डोक्यावर घेऊन स्टँडपर्यंत आले. मोटार लागलेली होती, ड्रायव्हर कोळशाची शेगडी फुलवत होता. मला एकच गोष्ट विचारायची होती. वर्ष तर संपलं होतं आणि अट मला माहीत होती.

"आबा, सुभेदाराकडं कवा जायाचं?"

त्यांनी पोतं मोटारीच्या टपावर चढवलं, दोरी आवळली आणि माझ्याकडे न बघताच म्हणाले, "कशाला? वरीस तुला दिलं व्हतं. ते ह्या तिगांनी खाल्लं. तुजं आजून बाकी हाय."