गावंडेकाकांची सिंगल बेल

राजापेठेत कॉफीचं दुकान चालवणाऱ्या गावंडेकाकांनी स्वतः कधी कॉफीला तोंड लावलं नाही. तल्लफ आली की ते मशीनवरच्या दुर्गाताईंना गल्ल्याकडे लक्ष ठेवायला सांगत, जिना उतरत, दुचाक्यांच्या गर्दीत हात दाखवत रस्ता ओलांडत आणि समोर किसनभाऊंच्या टपरीवर स्टूल ओढून चहा पीत. मी एकदा विचारलंच, "काका, आपल्या दुकानातली कॉफी काहून नाई पेत तुमी?" तर म्हणाले, "कडू लागते बाप्पा! लोकं पैसे देऊन कायले पेतात, मले तं अजून समजलं नाई." हे सगळं भर दुकानात, कॉफी पिणाऱ्या गिऱ्हाइकांच्या देखत. दुर्गाताईंनी कपाळाला हात लावला.

मी मूळची अकोल्याची. नोकरी पुण्याच्या कंपनीत, लग्न अमरावतीत, आणि काम घरून. आता घरून काम करणारी सून म्हणजे घरीच असलेली सून, असा आमच्याकडे सर्वांचा ठाम समज. मी मीटिंगमध्ये बोलत असले की सासूबाई दारातून विचारत, "कोणासंग एवढी बोलून राहिली? कुकर लाव न." गॅसवाला आला तर मी, पाणी आलं तर मी, कोणाची मावशी आली तर चहाही मीच. शेवटी एक दिवस लॅपटॉप उचलला आणि निघाले. ट्यूशन क्लासच्या वर कॉफीचं दुकान असल्याची पाटी दिसली, तशी जिना चढले.

वर पाऊल टाकलं तर गल्ल्यावरून आवाज आला, "पुढं सरका, पुढं सरका! दारात नका थांबू. खिडकीची सीट खाली आहे." मागे कोणी नव्हतं, दारात मी एकटीच. मला हसूच आलं. खिडकीपाशी बसले, लॅपटॉप उघडला, तशी काकांनी हात वर केला आणि हवेतली कुठलीशी दोरी दोनदा ओढली. पुढे कळलं, गृहस्थ उभं आयुष्य एस.टी.त कंडक्टर होते, परतवाडा डेपोला. जुन्या गाड्यांत छतालगत घंटीची दोरी असायची. एकदा ओढली की ड्रायव्हर थांबणार, दोनदा ओढली की निघणार. नोकरी संपली, पण हाताची सवय गेली नव्हती. कोणाचं काम सुरू झालं की डबल बेल. गिऱ्हाईक फार मोठ्यानं बोलायला लागलं की एकच झटका, सिंगल बेल, आणि वर दरडावणी, "हळू बोला हो, पोरगी ड्यूटीवर आहे!"

ती ड्यूटीवरची पोरगी म्हणजे मी. माझी मीटिंग असली की काका अख्ख्या दुकानाला धाकात ठेवत. दुर्गाताईंनी मिक्सर लावायचा नाही, खालच्या क्लासच्या मुलांनी जिन्यात धिंगाणा घालायचा नाही. एकदा तर बिचारं एक जोडपं भांडायला म्हणून आलेलं, त्यांनाही काकांनी सांगितलं, "भांडा, पण अकरा वाजेनंतर." माझ्या सख्ख्या माणसांनी माझ्या कामाचा एवढा मान कधी ठेवला नव्हता. मी रोज जाऊ लागले.

पण काकांची ही सगळी सरबराई फुकटची नव्हती, आणि त्यामागचं कारण त्यांनी लपवलंही नाही. त्यांची एकुलती एक मुलगी पल्लवी बंगलोरला होती. काकू जाऊन काही वर्षं झालेली, घरी काका एकटे. पल्लवीच्या कंपनीनं तिला कुठूनही काम करायची मुभा दिली होती. पण तिचं म्हणणं, बाबा, अमरावतीत काम होणार नाही, तिथं तसं वातावरणच नाही. झालं! काकांनी निवृत्तीचा पैसा घातला, वायफाय घेतलं, इन्व्हर्टर घेतला आणि वातावरण उभं केलं.

"साऱ्या तालुक्याची पोरं मी पुण्याच्या गाडीत बसवून देल्ली," ते एकदा टेबलापाशी उभे राहून मला म्हणाले. "बाप खाली उभा राहे, माय डोळे पुसे, अन् मी दोरी ओढो. टिन् टिन्! गाडी निघे. तवा मले काई वाटे नाई. मग माह्यी पोरगी गेली. आता पोरी, मले एक सिंगल बेल माराची आहे. बस्स. एकच."

आणि त्यासाठी पुरावा म्हणून मी! पल्लवीचा व्हिडिओ कॉल आला की काका फोन घेऊन थेट माझ्या टेबलाशी. "हे पाह्य, अकोल्याची पोरगी. कंपनी पुण्याची, सायेब हैदराबादचा, अन् ते बसली राजापेठेत. काई अडून राहिलं का तिचं? विचार, विचार तिले!" मी केसांत पेन खोचलेली, तोंडात सँडविच. पलीकडून पल्लवी ओशाळून म्हणायची, "सॉरी हं, बाबा ना..." मी आपली मान हलवायची. प्रदर्शनातली म्हैस झाले होते मी त्या दुकानात. पण खरं सांगू, मला ते आवडायचं. कोणाच्या तरी घरी परतण्याचा पुरावा व्हायला मिळतं का कोणाला?

शेवटी एका हिवाळ्यात पल्लवी आली. आठ-पंधरा दिवस इथून काम करून पाहते, म्हणाली. काकांना आनंद मावेना. आणि त्या आनंदातच त्यांनी घोळ घातला. जो माणूस परक्या पोरीच्या मीटिंगसाठी मिक्सर बंद ठेवायचा, त्यानं आपल्या पोरीची ड्यूटी बघायला सगळं गणगोत बोलावलं!

अचलपूरची आत्या आली, चांदूर रेल्वेचे चुलते आले, सोबत त्यांच्या सुना. आपल्याकडे लेक घरी आली की माणसं भेटायला येणारच आणि आलेली माणसं जेवल्याशिवाय जाणार नाहीत, यात काकांना वावगं काय दिसणार? दुकानात डबे उघडले. पाटवडीच्या रश्श्याचा वास कॉफीच्या वर चढला. खुर्च्या ओढून सगळे पल्लवीच्या टेबलाभोवती बसले, मुलगी बघायला आल्यासारखे. त्या दिवशी तिची कोण्या परदेशी साहेबांपुढे मोठी मीटिंग होती. तिनं काकांना तसं सांगितलंही होतं. काका सगळ्यांना कौतुकानं सांगत होते, "बोलू नका बरं, पाहा फक्त."

आत्या गप्प बसणाऱ्यातल्या नव्हत्या. त्यांनी पल्लवीच्या खांद्यावरून स्क्रीनमध्ये डोकावून विचारलं, "हे गोरे लोकं आपल्याले दिसून राहिले, तं आपण त्याईले दिसतो का वो?" आणि हात हलवला. तिकडून एका साहेबानंही हात हलवला. सुना खिदळल्या. कोणीतरी पल्लवीच्या कीबोर्डशेजारी रश्श्याची वाटी ठेवली. "थंडी होते माय, दोन घास खाऊन घे, मंग बोल." पल्लवीचा चेहरा पांढराफटक. कशीबशी मीटिंग उरकून तिनं लॅपटॉप मिटला.

माणसं गेल्यावर ती काकांना म्हणाली. ओरडली नाही, ओरडली असती तर बरं झालं असतं. "बाबा, इथं मी तुमची लेक आहे. काम करणारी बाई नाही. इथं नाही होत काम." दुसऱ्याच दिवशी ती निघून गेली. काका बरेच दिवस गल्ल्यावर नुसते बसून राहिले. मी आले तरी दोरी ओढेनात. एकदा आपणहून म्हणाले, "तुह्यासाठी सारं समजे मले. माह्या पोरीच्या टायमालेच कसं नाई समजलं?" माझ्या वडिलांनीही हेच केलं असतं.

पण माणूस हट्टी. वर्षभर पल्लवीच्या मागे लागून त्यांनी तिला पुन्हा राजी केलं, दिवाळीच्या सुमारास. ती यायच्या आधी मला बाजूला घेऊन म्हणाले, "या खेपेले मी वर येतच नाई. समोर किसनाच्या टपरीवर बसतो. तू खिडकीत बसजो. मी खालून विचारीन, तू वरून सांगजो. अन् तिले बोलू नको. तिले समजलं तं मले वर बोलावेल, अन् मी वर आलो का मले राहवत नाई."

आणि खरंच, पल्लवी आली, रस्त्याचा आवाज नको म्हणून तिनं आतलं टेबल घेतलं, आणि काका सकाळी दुकान उघडून देऊन खाली गेले ते संध्याकाळपर्यंत टपरीवरच. स्टुलावर बसून नजर आमच्या खिडकीवर. मधूनच हात वर करून हवेत बोटं वळवत, काय चाललंय म्हणून. मी आत बघायची. पल्लवी हेडफोन लावून कामात बुडालेली. मी हात वर करून दोरी दोनदा ओढायची. डबल बेल, गाडी सुरू आहे. काका समाधानानं मांडीवर थाप मारून किसनभाऊंना आणखी एक चहा सांगत. त्या दिवसांत किती चहा प्याले असतील, देव जाणे.

पल्लवीला मात्र ते लागलं. एकदा कॉफी घेता घेता मला म्हणाली, "मी आले की बाबांना नेमकी गावभर कामं निघतात. जेवायलासुद्धा वर येत नाहीत." माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. पण काकांना शब्द दिला होता. मी म्हटलं, "असतील काही कामं." खाली काका उन्हात स्टूल सरकवत सावलीला बसत होते.

जाताना पल्लवी म्हणाली, "बाबा, होतं इथं काम. उन्हाळा संपला की सामान घेऊन येते." हे वाक्य काकांनी मला किती वेळा ऐकवलं म्हणून सांगू! भाजीवाल्याला ऐकवलं, क्लासच्या सरांना ऐकवलं. नवा कूलर आणला, आतल्या टेबलाजवळ आणखी एक प्लग बसवून घेतला. "माह्या पोरीले उकडाले नाई पाह्यजे."

आणि त्याच उन्हाळ्यात, ऐन मे महिन्यात, काका गेले. दुपारी घरी जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत. धडधाकट माणूस, आदल्या संध्याकाळी मला "उद्या लवकर येजो, कूलर लावून पाहू" म्हणालेला. मला अजूनही राग येतो त्यांचा. महिनाभर थांबला असतात तर काय बिघडलं असतं हो काका?

तेरवी आटोपली. पल्लवी दुकानाची किल्ली घेऊन आली. दुर्गाताईंनी डोळे पुसत मशीन सुरू केलं. पल्लवी म्हणाली की जागा कोणालातरी चालवायला देऊन टाकते, उद्याच्या गाडीनं निघते. "आता येऊन करू काय? ज्यांच्यासाठी यायचं तेच नाहीत." मग थोड्या वेळानं, "एक विचारू? दिवाळीत मी एवढे दिवस इथं होते. बाबा कुठं असायचे हो दिवसभर?"

आता शब्द कोणासाठी पाळायचा होता? मी तिला खिडकीशी आणलं आणि समोरचं स्टूल दाखवलं. सगळं सांगितलं. टपरी, चहा, खालून विचारणं, माझी डबल बेल. वर का येत नव्हते तेही सांगितलं, त्यांच्याच शब्दांत. पल्लवीनं ओढणी तोंडावर धरली. मीही रडत होते, दुर्गाताईही रडत होत्या. एक गिऱ्हाईक दारातूनच परत गेलं.

मग ती जिना उतरली. गाड्यांना हात दाखवत रस्ता ओलांडला, अगदी काकांसारखाच. किसनभाऊंनी स्टूल पुसून दिलं. ती बसली. भाऊंनी न विचारता चहा पुढे केला, तो तिनं सावकाश संपवला. मग मान वर करून आमच्या खिडकीकडे पाहिलं. आत दुर्गाताई कप विसळत होत्या आणि आतलं टेबल रिकामं होतं.

पल्लवीनं हात वर केला. कंडक्टरची लेक, तिला कोणी शिकवायची गरज नव्हती. तिनं हवेतली दोरी ओढली. एकदा.

मी दुसऱ्या झटक्याची वाट बघत खिडकीत उभी राहिले. तिनं हात खाली घेतला आणि किसनभाऊंना आणखी एक चहा सांगितला.