झडती घेणारी मावशी

“बांगडो शिळो आसलो तर ती बांगड्याक नाय, माझ्या तोंडाक बघी,” मासळीवाली पारूबाय मागल्या दारी आईला सांगत होती. गेल्या महिन्यात इंदूमावशीच्या बाराव्याला आलेल्या बायका हसल्या आणि हसता हसता त्यांनी पदर डोळ्यांना लावले... मी आत केळीची पानं पुसत होते.

मावशी आईची थोरली बहीण. लवकर विधवा झाली आणि गोव्याच्या हद्दीवर कस्टमच्या नाक्यावर लागली. बायकांची झडती बाईनेच घ्यायची, म्हणून ही नेमणूक. पलीकडे पोर्तुगीज, तिकडून लुगड्याच्या निऱ्यांत घड्याळं यायची, सोनं यायचं. गोवा मुक्त झाला, नाका उठला आणि मावशी मालवणला आमच्याकडे राहायला आली. नाक्याची सवय मात्र सुटली नाही.

मी बेळगावच्या इंग्रजी शाळेतून सुट्टीला यायचे. मालवणी कळायचं, पण बोलायला गेले की भावंडं हसायची, म्हणून गप्प असायचे. गप्प माणसाला जास्त दिसतं, असं म्हणून मावशी मलाच बरोबर न्यायची. धामापूरच्या जत्रेत तिने मला हळूच ढोसलं. सगळे देवीकडे बघत होते. एक धोतरवाला तेवढा पोरांच्या गळ्यातल्या साखळ्यांकडे. मावशी काही न ओरडता त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिली. गाव कुठलं, आडनाव काय, आईचं माहेर कुठलं, असं विचारतच सुटली. थोड्या वेळाने तो गर्दीत दिसेनासा झाला. तो चोरच कशावरून, मी विचारलं.

“माका काय ठावक?” ती म्हणाली. “चोर नसलो तर वळख झाली. आसलो तर पोरांच्यो साखळ्यो रवल्यो.”

घाबरलेल्या माणसावर तिने कधी पटकन संशय घेतला नाही. नाक्यावर थरथरणाऱ्या बायका बहुतेक नुसत्याच भ्यालेल्या असत, असं ती सांगायची. लपवणाऱ्या हसतमुख असत, भरपूर बोलत. फक्त माल लपवलेल्या बाजूचा हात अंगाला चिकटलेला राही.

मॅट्रिकची परीक्षा देऊन मे महिन्यात घरी आले, तेव्हा मावशी नेहमीपेक्षा जास्त बोलत होती. कळशी डाव्याऐवजी उजव्या कमरेवर आणत होती. दोरीवरचे कपडे काढायला मला हाक मारत होती. डावं कोपर बरगडीपासून हलत नव्हतं. मला दुसऱ्याच दिवशी कळलं आणि तरी आठ दिवस मी गप्प राहिले. मोठ्या बाईला असं कसं विचारायचं? आणि चुकले तर...

मिरजेच्या डॉक्टरांनी गाठ काढली आणि वेळेत आणलंत म्हणाले. पुढची चार वर्षं मावशी बाजारात हिंडली, जत्रेला गेली, मला बघायला आलेल्या दोघांना चहा पाजून तिने परस्पर वाटेला लावलं. शेवटी दुखणं उलटलं खरं, पण ती चार वर्षं आम्हाला मिळाली. म्हणून तिच्याविषयी लिहिताना मला तिच्या मरणाचा दिवस आठवत नाही, त्या मे महिन्यातली दुपार आठवते. मावशी माजघरात तांदूळ निवडत होती, शेजारणीची नक्कल करून स्वतःच हसत होती. मी उठून दार लोटलं, तिच्यासमोर बसले आणि तिच्याशी पहिल्यांदा मालवणीत बोलले, “मावशी, हात वर कर गो. माका बघूंदे.”