फवारणीच्या पंपानं धुतलेला एसी

आमच्या ह्यांना यंत्रातलं काही कळत नाही, हे मला लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात कळलं. त्यांना ते अजून कळलेलं नाही.

लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली तेव्हा उन्हाळा तापायला लागला होता. तिनं चांगलं तीन महिने राहावं, एवढीच माझी हौस. पण पुण्यातल्या फ्लॅटची सवय झालेल्या पोरीला आमची स्लॅबची खोली सोसेना, आणि बाळाच्या मानेवर घामोळं उठलं. जावई फोनवर गोड आवाजात म्हणाले, "जमत नसेल तर घेऊन जातो." म्हणून एसी बसवला. शेजारणी बघायला आल्या. "बाळंतिणीच्या खोलीत गारवा?" म्हणत नाकं मुरडली आणि त्याच गारव्यात तासभर बसून गेल्या.

पंधरा दिवस बरे गेले. मग एसी दुपारचा गार होईना. सकाळी ठीक चालायचा, अकरानंतर नुसता वारा.

ह्यांनी रिमोट तळहातावर आपटला. तापमान सोळावर नेलं. स्टॅबिलायझर चारदा बंद-चालू केला. मग दोन दिवस मोबाईलवर कुठल्याशा माणसाचे व्हिडिओ बघितले, आणि त्या माणसाची हिंदी ह्यांच्या तोंडून ऐकायची पाळी माझ्यावर आली. आळेफाट्याचा मेकॅनिक म्हणाला, सीझन आहे, चार दिवस तरी लागतील. चार दिवस थांबतील तर ते आमचे हे कसले!

"आगं, लई सोपं हाय. आत धूळ बसलीया. प्रेशरनं पानी मारायचं, झालं."

असं म्हणून त्यांनी टोमॅटोवर औषध मारायचा पंप थेट खोलीत आणला. मी लेकीला आणि बाळाला पडवीत काढलं. पंप तीनदा धुतलाय, असं मलाच वर ऐकवलं. एसीवर करपा पडल्यासारखा त्यांनी फवारा धरला. खालच्या गादीवर काही झाकावं, एवढंही सुचलं नाही. वाळल्यावर एसी सुरू केला, तपासायला म्हणून एकटेच आत बसले आणि पाच मिनिटांत खोकत बाहेर आले. सगळ्या खोलीत औषधाचा वास सुटला होता.

लेकीनं नवऱ्याला फोन लावला. संध्याकाळी गाडी आली. बाळाची दुपटी मीच पिशवीत भरली. अजून दीड महिना उरला होता. गाडी वळणाआड गेल्यावर मी ह्यांना जे बोलले, ते पलीकडच्या आळीतही ऐकू गेलं असेल. अडाणी म्हटलं, आगाऊ म्हटलं, तुमच्यापायी माझी लेक गेली म्हटलं. ते ओट्यावर खाली मान घालून बसले होते.

वास जावा म्हणून रिकाम्या खोलीतही एसी चालूच ठेवला होता. दोन दिवसांनी मेकॅनिक आला. आतलं मशीन उघडून त्यानं पुसलं आणि शिडीनं गच्चीवर चढला. तिथं बाहेरचं युनिट होतं. ह्यांना तिकडं बघायचं कधी सुचलंच नव्हतं. ते खाली शिडी धरून उभे राहिले. मी मेकॅनिकच्या मागोमाग वर गेले.

"काकू, ह्ये काय बांधलंय?"

कुरडया होत्या. युनिटमधून एवढा गरम वारा निघतो, तो वाया कशाला घालवायचा, म्हणून आठवडाभर मी रोज अकराला त्याच्यासमोर खाट लावत होते. कावळ्यांनी तोंड घालू नये म्हणून वरून जुनी साडी, युनिटसकट चारी बाजूंनी बांधत होते. दोन दिवसांचं वाळवण दुपारपर्यंत खडखडीत व्हायचं. मला माझ्या अकलेचं फार कौतुक वाटत होतं.

"मशीनला हवाच मिळत नव्हती. बाकी कायबी बिघाड नाय," मेकॅनिक म्हणाला. त्याचा आवाज खाली स्पष्ट ऐकू जात होता.

मी खाली उतरले तोच लेकीचा फोन आला. ह्यांनी उचलून स्पीकरवर टाकला. "काय निघालं शेवटी, आई?" मी पदरानं कपाळ पुसायला लागले. ह्यांनी माझ्याकडं बघितलं आणि फोन तोंडाजवळ नेला.

"माजंच चुकलं, पोरी. तुजी आई नको म्हनत व्हती, मीच ऐकलं न्हाई."

मी नको म्हटलं नव्हतं. पंपाला पाणी मीच भरून दिलं होतं. लेक अजून चारचौघांत बापाच्या अडाणीपणाचा हा किस्सा सांगते, आणि ते हसतात. मी तिला खरं सांगितलेलं नाही.