मामाची पहिली मोटरसायकल

माझा मामा लोकांना कार चालवायला शिकवतो. त्याचं अर्धं आयुष्य शेजारच्या सीटवर गेलं. शिकवायच्या कारमध्ये त्या सीटच्या पायाशीही एक जास्तीचा ब्रेक असतो. शिकणारा चुकला की मामाने तो दाबायचा. दाबून दाबून मामाच्या उजव्या पायाला खोडच लागली आहे. बसमध्ये उभा असला तरी पाय दाबतो, टीव्हीवर कुणी धावत आलं तरी दाबतो. मामी म्हणते, "मी जरा तावातावाने बोलायला लागले की टेबलाखाली यांचा पाय हलतो. मला कळतं, आता थांबावं. थांबत नाही ती गोष्ट वेगळी."

मामी घरीच पडदे शिवते. बाहेरच्या खोलीत तिचं मशीन, तिचं लांबलचक टेबल आणि छताला टेकणारे कापडाचे गठ्ठे. मामाला त्या घरात स्वतःची म्हणावी अशी एक खुर्ची, आणि तीही पाहुणे आले की जाते. त्यांना मूलबाळ नाही. मी बहिणीची मुलगी, म्हणून हक्काची. काही बिनसलं की दोघंही आधी मला फोन करतात, फक्त एकमेकांच्या नकळत.

तसाच एकदा मामाचा फोन आला. "संध्याकाळी मोकळी आहेस का? एक वस्तू दाखवायचीय. मामीला बोलू नकोस."

ती वस्तू मोटरसायकलच्या शोरूममध्ये काचेआड उभी होती. लालभडक, पुढे झुकलेली, मागची बाजू वर उचललेली, आता झडप घालते की काय अशी. शर्यतीतल्या गाड्यांची सख्खी बहीण. मामाच्या शिकवणीचा रस्ता त्या काचेसमोरूनच जात होता, आणि गाडी मागे घ्यायचा सराव अलीकडे सगळ्या विद्यार्थ्यांना नेमका तिथेच करावा लागत होता, हे मला नंतर कळलं.

मी कॉलेजपासून एक लहानशी मोटरसायकल चालवते. त्या जोरावर मी शहाणपणा सांगायला लागले. "मामा, ही पहिली गाडी म्हणून घ्यायची नसते. जरा मूठ पिळली की ही उडते. आधी लहान घे, हात बसू दे. तू तुझ्या पोरांना पहिल्या दिवशी हमरस्त्यावर नेतोस का?"

"नाही नेत. पण ती पोरं अठरा वर्षांची असतात. मी चोपन्न वर्षांचा आहे. खालच्या पायरीपासून चढत आलो तर माडीवर पोचेपर्यंत गुडघे राहतील का?"

"पण हीच का?"

त्याने काचेवर तळहात टेकवला. मग हळूच म्हणाला, "हिला शेजारची सीट नाही."

विक्रेत्याने मामाला गाडीवर बसवलं तेव्हा त्याची बोटं जेमतेम जमिनीला टेकत होती आणि पोट टाकीवर विसावलं होतं. पण चेहरा असा उजळला होता, की विक्रेत्यालाही पुढे काही सांगावं लागलं नाही. दुचाकीचं लायसन्स त्याने तरुणपणी मित्राच्या गियरच्या स्कूटरवर काढलं होतं. त्यानंतर दुचाकीला त्याचा हात लागला तो फक्त वाटेतून बाजूला करायला.

मामीला सांगितलं ते गाडी दारात आल्यावर. ती गळ्यात मोजपट्टी घेऊन बाहेर आली, गाडीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाली, "हत्ती आणलात. आता माहूत कुठून आणणार?"

सुरुवातीचे दिवस मामा पहाटे निघून रिकाम्या रस्त्यावर सरळ जायचा आणि सरळ परत यायचा. सरळ कुणालाही जाता येतं. अडचण वळायची होती. या गाड्यांचं हँडल फारसं वळत नाही, अंग पुढे झुकलेलं, सगळा भार मनगटांवर. गल्लीच्या तोंडाशी वळता येईना म्हणून तो खाली उतरून गाडी ढकलत वळवायचा. शेजारी विचारत, "बंद पडली का?" मामा म्हणायचा, "हो, जरा गरम झालीय."

पण मोह आवरला नाही. एका सकाळी गर्दीच्या वेळी तो गाडी घेऊन थेट शिकवणीच्या ऑफिसासमोर गेला. फुटपाथवर विद्यार्थी आपापल्या पाळीची वाट बघत उभे होते. मामाने त्यांच्यासमोर ऐटीत वळण घेतलं आणि नेमकी समोरून एक सायकल आडवी आली. पाय सवयीने खाली गेला. तिथे मागचा ब्रेक असतो, पण त्याने कारसारखी गाडी जागच्या जागी थांबत नाही. मग घाबरून त्याने हातातला पुढचा ब्रेक करकचून आवळला, तोही हँडल वळलेलं असताना. गाडी शांतपणे आडवी झाली आणि मामा तिच्याबरोबर. वेग चालण्याइतका होता. तरी खांद्याचं हाड मोडलं.

दवाखान्यात मी पोचले तेव्हा मामीही धावत आली. आता तोफखाना सुटणार म्हणून मी जरा मागे सरकले. मामीने मामाच्या गळ्यात अडकवलेला हात पाहिला, कपाळावरचे केस सारखे केले आणि विचारलं, "गाडीला कुठे लागलं का?"

मामाच्या डोळ्यांत पाणी आलं. ओरडा चार दिवसांनी बसला. तोही ओला टॉवेल खुर्चीवर टाकल्याबद्दल, पण इतका जोरात की तो टॉवेलचा नव्हता हे तिघांनाही कळलं.

खांदा जुळेपर्यंत मामा घरी होता. गाडी मागच्या अंगणात उभी, आणि ऊन लागू नये म्हणून मामीने तिला उरलेल्या पडद्याच्या कापडाची खोळ शिवली, निळ्या फुलांची. शर्यतीची गाडी झबलं घातल्यासारखी दिसायची. मामा खिडकीतून तिच्याकडे बघे आणि तोंड फिरवून घेई. "विकून टाकू या का?" त्याने एकदा विचारलं. मामी मशीनवरून मान न उचलता म्हणाली, "मी एवढी खोळ शिवलीय."

या काळात त्याला भेटायला गणिताच्या बाई आल्या. निवृत्तीनंतर त्या मामाकडे कार शिकत होत्या आणि परीक्षेत सारख्या नापास होत होत्या. मामा त्यांना समजावायचा, "बाई, घाबरायचं काय त्यात? मी आहे ना शेजारी." बाईंनी आणलेली फळं टेबलावर ठेवली, खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या, "सर, खरं सांगू का? तुम्ही पडलात हे ऐकून मला फार बरं वाटलं."

मामीचं मशीन थांबलं.

"राग मानू नका. मला वाटायचं, तुम्हाला भीती ठाऊकच नाही. पाय थरथरतात, चारही बाजूंनी गाड्या अंगावर येतात, आणि शेजारी एक माणूस म्हणतो, घाबरायचं काय त्यात. असं वाटायचं की उतरावं आणि तुम्हालाच गाडीखाली घालावं."

मामा इतका हसला, की खांदा धरून बसावं लागलं. "बाई," तो म्हणाला, "पडायच्या आधी एक क्षण मला ब्रेक कुठे आहे तेच आठवेना. मला! बेचाळीसच्या बेचाळीस दात वाजत होते."

"बत्तीस," बाई म्हणाल्या.

बाई गेल्यावर त्याने मला फोन केला. या वेळी मामीसमोर. "तुझी ती लहान गाडी अजून आहे ना? मला शिकव."

बाजार बंद असतो त्या दिवशी भाजीबाजाराचं मैदान मोकळं असतं. तिथे आमची शाळा भरायला लागली. मामासारखा वाईट विद्यार्थी मी पाहिला नाही. मी एक सांगायचे, तो तीन कारणं द्यायचा. क्लच सोडताना इंजिन बंद पडलं की इंजिनाला दोष, वळण चुकलं की मैदानाला. पाय तर खाली जायचाच. मी ओरडायचे, "मामा, पाय!" आणि तो तिथूनच ओरडायचा, "तो माझा नाहीये, तो ऑफिसचा आहे!"

पण चिकाटी होती. आधी नजर वळवायची, मग गाडी आपोआप येते, हे त्याला उमगलं त्या दिवशी त्याने मोकळ्या मैदानात आठचा आकडा काढला. मग पुन्हा काढला. मग थांबेचना. मी एका रिकाम्या टोपलीवर बसून बघत होते. हेल्मेटच्या आत तो मोठमोठ्याने काहीतरी म्हणत होता. जवळून गेला तेव्हा ऐकू आलं. "शाब्बास, अगदी बरोबर, सावकाश, मी आहे ना शेजारी." तो स्वतःलाच शिकवत होता.

मग कित्येक महिने तो माझ्याच लहान गाडीवर कामाला गेला आणि मी बसने. हे जरा जास्तच झालं, पण बोलायची सोय नव्हती. शेवटी एका रविवारी त्याने फुलांची खोळ काढली आणि लाल गाडी बाहेर काढली. मामी दारात उभी राहिली. "लवकर या" असं काही ती बोलली नाही. आत गेली आणि मशीन चालू केलं, पण त्यात कापड नव्हतं. मी पाहिलं.

तो तलावाच्या रस्त्याने जाऊन दुपारी परत आला. पाठ धरलेली, मनगटं अवघडलेली, मांड्या इंजिनाने शेकलेल्या. मी विचारलं, "किती पळवलीस?"

"तिसऱ्या गियरच्या वर गेलोच नाही."

"मग एवढी मोठी घेतलीत कशाला?" मामी म्हणाली.

"अगं, मोठ्या घरातसुद्धा माणूस एकाच खोलीत झोपतो."

मामी त्या गाडीवर मागे एकदाच बसली. मागची सीट तळहाताएवढी. कोपऱ्यावर उतरून ती म्हणाली, "याला सीट म्हणत नाहीत, शिक्षा म्हणतात," आणि चालत परत आली. आता तो रविवारी एकटाच जातो आणि आला की तिला तासभर रस्ता सांगत बसतो. ती पडद्यांच्या चुण्या घालत ऐकते. तिला सगळी वळणं पाठ झाली आहेत.

परवा आम्ही दोघं मिळून गेलो, तो त्याच्या गाडीवर, मी माझ्या. पेट्रोल भरताना एक तरुण मुलगी लाल गाडीभोवती फिरून म्हणाली, "काका, काय झकास आहे! जास्तीत जास्त किती पळते?"

"माहीत नाही," मामा म्हणाला. "विचारायची हिंमत झाली नाही अजून."

"मला पण हीच घ्यायचीय. तुमची पहिलीच का?"

मामाने माझ्या पोचे आलेल्या, आरसा दोरीने बांधलेल्या गाडीकडे बोट दाखवलं. "नाही. पहिली ती. तू पण आधी तसली बघ, सांगतो तुला..." आणि त्याने तिथेच, पंपावर, मागे रांग लागलेली असताना, तिला क्लच कसा सोडायचा ते शिकवायला सुरुवात केली.